रेषांचा शोक आणि पार्श्वसंगीत

शृंगाराखालोखाल आपल्या साहित्यशास्त्रात चर्चा झाली असेल तर ती करुणाचीच. भवभूतीने त्याला सर्व रसांचे मूळ मानले. आनंदवर्धनाने रामायणाचा प्रधान रस कोणता, या प्रश्नाचे उत्तर देताना करुणाकडेच बोट दाखविले. परंतु या साऱ्या चर्चेत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. शोक दाखवायचा तर शोक करणारे शरीर हवे. अश्रुपात, निःश्वास, मुखशोष, वैवर्ण्य, गात्रांची शिथिलता हे जे करुणाचे अनुभाव भरतमुनींनी सांगितले, ते सगळे जिवंत देहाचे धर्म होत. मग ज्या कलेत देहच नाही, चित्रकाराने ओढलेली रेघ आणि तिच्यात भरलेला रंग एवढेच जिथे पात्र, तिथे हे अनुभाव आणावयाचे कोठून? आणि तरीही ॲनिमेशनपट पाहताना लहान मुलेच नव्हेत, तर चांगली पोक्त माणसे डोळे पुसताना आम्ही पाहिली आहेत. हे कसे घडते, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

तुलनेसाठी मराठी वाचकाच्या मनात कायमचे घर केलेले एक मातृवियोगाचे चित्र घेऊ. आचार्य अत्रे यांच्या 1953 सालच्या 'श्यामची आई' या चित्रपटात आईची भूमिका वनमालाबाईंनी केली. उज्जैनात जन्मलेल्या आणि ग्वाल्हेरात देह ठेवलेल्या या अभिनेत्रीविषयी आम्हां मध्यप्रदेशातील मराठी माणसांना अंमळ अधिक जिव्हाळा वाटतो, हे आम्ही नाकारीत नाही. त्या चित्रपटाला संगीत वसंत देसाई यांचे होते आणि ते उत्तमच होते. पण घटकाभर ते बाजूला काढून ठेवले तरी वनमालाबाईंचा चेहरा उरतो, दाटून आलेला कंठ उरतो, शब्द उच्चारण्यापूर्वी आत घेतलेला श्वास उरतो. संगीत तिथे साथीला आहे. आता याच्या शेजारी वॉल्ट डिस्ने यांच्या 1942 सालच्या 'बांबी' मधील हरिणी ठेवा. तिचे डोळे मोठे आहेत, मान सुरेख आहे. पण तिच्या नाकपुड्यांतून श्वास जात नाही. चित्रकाराने काढला तेवढाच तिचा चेहरा. त्याहून एक कणही अधिक नाही. नटाच्या मुद्रेवर त्याच्याही नकळत जे काही उमटून जाते, ते रेषेच्या मुद्रेवर कधीच उमटत नाही. ही जी श्वासाची उणीव, ती भरून काढण्याचे काम पार्श्वसंगीताकडे येते. नटाच्या चित्रपटात संगीत हे पात्राचे सोबती असते. रेखाटलेल्या चित्रपटात ते पात्राचा प्राणवायू असते, असे म्हटले तरी चालेल.

पार्श्वसंगीत ही कल्पना आपल्याला परकी आहे, असे मात्र कोणी समजू नये. नाट्यशास्त्रात ध्रुवा नावाच्या गीतांचे सविस्तर विवेचन आहे. ही गीते पात्रे गात नसत. कुतपात, म्हणजे वादक-गायकांच्या वृंदात, बसलेले गायक ती गात. पात्र रंगभूमीवर येताना प्रावेशिकी, जाताना नैष्क्रामिकी, चालू असलेल्या भावात एकदम पालट करावयाचा असेल तेव्हा आक्षेपिकी, प्रेक्षकाचे मन पुन्हा प्रसन्न करावयाचे तेव्हा प्रासादिकी आणि मधले खंड भरून काढण्यासाठी आंतरा, असे तिचे पाच प्रकार सांगितले आहेत. आजच्या चित्रपटाचा संगीतकार दिग्दर्शकाशेजारी बसून, कोठे संगीत सुरू करावे, कोठे बदलावे, कोठे थांबवावे याची जी टिपणे करतो, त्यांत आणि या पाच प्रकारांत फारसे अंतर नाही. शिवाय करुणासाठी पठणाची लय विलंबित असावी, गांधार आणि निषाद हे स्वर करुणाला अनुकूल, अशीही व्यवस्था भरताने लावून दिली आहे.

यांपैकी लयीचा नियम आजही जसाच्या तसा खरा ठरतो. दुःखी माणूस हळू बोलतो, खालच्या पट्टीत बोलतो, त्याच्या वाक्याचा शेवट खाली उतरतो, दोन शब्दांमधील अंतर वाढते. संगीत याचीच नक्कल करते. लय संथ होते, स्वर वरून खाली उतरू लागतात, वाद्ये कमी होतात, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मींड आली की तिच्यात उसासा ऐकू येतो. व्हायोलिन, सारंगी, बासरी ही वाद्ये अशा प्रसंगी वारंवार का योजतात, याचे कारणही हेच. माणसाच्या गळ्याप्रमाणे त्यांचा स्वर लांबविता येतो आणि लांबविता लांबविता कापविताही येतो.

स्वरांचा नियम मात्र इतका सरळ नाही. कोमल गांधार लागला की दुःख आणि शुद्ध गांधार लागला की आनंद, अशी एक समजूत सुशिक्षितांत फार पसरलेली आहे. पाश्चात्त्यांतही मायनर म्हणजे खिन्न आणि मेजर म्हणजे प्रसन्न असे सरसकट बोलले जाते. अडाण्यात कोमल गांधार असून तो वीरवृत्तीचा राग आहे, एवढे एक उदाहरण ही समजूत डळमळीत करण्यास पुरे व्हावे. पण आमच्या विषयातील जे सर्वांत बोलके उदाहरण आहे, ते तर याच्या अगदी उलट टोकाचे आहे, आणि त्याकडे थोडे सावकाश पाहिले पाहिजे.

पिक्सार या अमेरिकन संस्थेच्या 2009 सालच्या 'अप' या चित्रपटाच्या आरंभी सुमारे चार मिनिटांचा एक भाग आहे. त्यात संवाद नाही. कार्ल आणि एली यांचे लग्न होते. दोघे मिळून एक मोडके घर नीटनेटके करतात. टेकडीवर पडून ढगांत आकार शोधतात. त्या ढगांची बाळे होऊ लागतात. बाळाची खोली रंगविली जाते. आणि पुढच्याच दृश्यात दवाखान्याच्या खोलीत एली मान खाली घालून बसलेली दिसते. पुढे दूरच्या एका धबधब्याला जाण्यासाठी दोघे बरणीत पैसे साठवितात, आणि गाडीचे चाक, मोडलेला पाय, घरावर पडलेले झाड अशा कारणांनी ती बरणी पुनःपुन्हा फुटते. केस पांढरे होतात. कार्ल तिकिटे काढतो, तेव्हा एलीला टेकडी चढवत नाही. अखेरीस कार्ल हातात एक फुगा घेऊन एकटाच घरात शिरतो.

या चार मिनिटांना मायकेल जियाकिनो यांनी एकच धून वापरली आहे. तीन-तीन मात्रांची झुलती चाल. पाश्चात्त्य तिला वॉल्ट्झ म्हणतात, आपल्या कानाला ती दादऱ्याच्या जवळची वाटेल. स्वर शुद्ध गांधाराचे, म्हणजे लौकिक समजुतीप्रमाणे आनंदाचे. आरंभी ती तोंड दाबलेल्या ट्रंपेटवर, व्हायोलिनवर, साऱ्या वृंदासह नाचत येते. दवाखान्याच्या दृश्यात तीच धून मंदावते आणि वृंद गळून पियानो तेवढा उरतो. नंतर संसार पुन्हा चालू लागतो तशी धूनही पुन्हा सावरते, भरते. आणि शेवटी, जेव्हा एली नाही, तेव्हा तीच धून एकट्या पियानोवर, एकेका स्वरावर थांबत, जणू पुढचा स्वर वाजवावा की नाही अशा संकोचाने ऐकू येते.

येथे मर्माची गोष्ट अशी की, जियाकिनो यांनी दुःखासाठी वेगळी 'रडकी' धून केलेली नाही. जी धून आपण सुखाच्या प्रसंगी ऐकली, तीच परत येते, पण तिच्याबरोबरची माणसे, म्हणजे तिच्याबरोबरची वाद्ये, आता नाहीत. घरातल्या चार खुर्च्यांपैकी तीन रिकाम्या झाल्या तर उरलेली एक खुर्ची जशी दिसते, तशी ती ऐकू येते. शोक म्हणजे नुसती वेदना नव्हे. एकेकाळी जे होते ते आता नाही, याची जाणीव म्हणजे शोक. म्हणून ज्या संगीताला 'होते' हे सांगता येत नाही, त्याला 'नाही' हेही सांगता येत नाही. भरताची आक्षेपिकी भाव पालटविते खरी, पण त्यासाठी ती नवे गीत आणते. येथे गीत तेच राहते आणि भाव पालटतो. या चित्रपटाच्या संगीताला 2010 साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. पारितोषिकांवरून कलाकृती मोजण्याचा आम्हांला सराव नाही, पण या खेपेस परीक्षकांचा कान शाबूत होता असे म्हणावेसे वाटते.

आमच्या शाळेत आठवीच्या एका वर्गाला आम्ही हा भाग मुद्दाम दोनदा दाखविला. प्रथम आवाज बंद करून आणि मग आवाजासह. पहिल्या खेपेस मुलांनी कथा नेमकी सांगितली: लग्न झाले, मूल झाले नाही, पैसे खर्च झाले, आजी आजारी पडल्या, गेल्या. एखादा धडा वाचून उत्तरे द्यावीत तशी ही उत्तरे होती. दुसऱ्या खेपेस कोणी काही बोलेना. मग मागच्या बाकावरील एका मुलाने, आमच्या भोपाळच्या मुलांच्या सवयीप्रमाणे हिंदीत, विचारले, "सर, ये तो वही शुरूवाली धुन है ना?" संगीताचे शिक्षण नसलेल्या त्या मुलाच्या कानाने स्वर ओळखले नव्हते, हरवलेले काय ते ओळखले होते.

आता थोडे तंत्राविषयी. चित्रपटाच्या एका सेकंदात 24 चौकटी असतात, आणि ॲनिमेशनपटात कोणत्या चौकटीवर पात्राचे पाऊल पडणार हे आधीच ठरलेले असते. त्यामुळे संगीतकाराला हालचालीवर स्वर अचूक बसविता येतो. जुन्या विनोदी कार्टूनांत हेच चाले. मांजर जिन्यावरून घसरले की सतारीवर बोट घसरावे तसे वाद्य घसरे, उंदीर चवड्यांवर चालला की तंतुवाद्यावर टिचक्या वाजत. मिकी माउसच्या नावावरूनच या पद्धतीला इंग्रजीत नाव पडले आहे. हसविण्यासाठी ती फार उपयोगी. कारण तिच्यामुळे पात्र हे चावीचे खेळणे वाटते, आणि खेळण्याच्या पडण्याचे कोणाला दुःख होत नाही. म्हणूनच शोकाच्या प्रसंगी संगीतकार पहिली गोष्ट करतो ती ही की, हालचालीचा हात सोडतो. पाऊल पडते तिथे स्वर पडत नाही. संगीत आता पायांबरोबर चालत नाही, मनाबरोबर चालते, आणि त्या क्षणी प्रेक्षकाला त्या रेषेच्या आत मन असल्याचा भास होतो.

याहून कठीण साधन म्हणजे मौन. 'बांबी' मध्ये आईचा मृत्यू पडद्यावर दिसतच नाही. बर्फातून डोके वर काढणारे नवे गवत, मग माणूस आल्याची चाहूल, संगीतातील वाढती धास्ती, धावाधाव आणि बंदुकीचा आवाज. पाडस झुडपात पोचते, आपण वाचलो म्हणून आनंदते, मागे वळते. मागे कोणी नाही. फ्रँक चर्चिल आणि एडवर्ड प्लंब यांचे संगीत येथे टाहो फोडत नाही. क्षणभर नुसते पडणारे बर्फ, आणि पाडस आईला शोधू लागते तेव्हा फार दुरून आल्यासारखा, शब्द नसलेला वृंदस्वर. पाडसाच्या हाकेला उत्तर यावे तिथे तो स्वर येतो; पण तो उत्तर नव्हे, हे लहान मुलालाही कळते. भोपाळच्या श्रोत्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी. 1981 साली येथे ध्रुपद केंद्र सुरू झाले आणि उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांनी तेथे वर्षानुवर्षे विद्या दिली. ज्यांनी त्या परंपरेतील आलाप ऐकला आहे त्यांना ठाऊक आहे की, दोन स्वरांमधील शांतता ही गाण्यातील खंड नसून गाण्याचाच भाग असते. जाता जाता एक मतभेद नोंदवितो. 'बांबी' त या प्रसंगानंतर लगेच वसंत ऋतूचे आनंदगीत सुरू होते. भरत त्याला प्रासादिकी म्हणेल; आम्हांला ती घाई वाटते. दुःख झालेल्या मुलाच्या हातात तत्काळ खाऊ देण्याची वडीलधाऱ्यांची जी रीत, तिच्यातला हा प्रकार आहे.

तिसरा मार्ग जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांच्या 1988 सालच्या चित्रपटात सापडतो. इंग्रजीत तो 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' या नावाने ओळखला जातो; मराठीत 'काजव्यांचे थडगे' म्हणता येईल. 1945 सालच्या कोबे शहरावरील बॉम्बवर्षावात निराधार झालेली दोन भावंडे, चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको, एका ओसाड विवरात राहू लागतात आणि उपासमारीने आधी धाकटी जाते. तिच्या मृत्यूनंतर काय होते पाहा. युद्ध संपले म्हणून तळ्यापलीकडच्या एका सधन घरातील मुली परत येतात आणि ग्रामोफोन लावतात. त्यावर गाली-कुर्ची या इटालियन गायिकेच्या आवाजात आपल्या घराची गोडी सांगणारे जुने इंग्रजी गीत वाजू लागते. आणि पडद्यावर, आता नसलेली सेत्सुको त्या विवराभोवती एकटीच खेळताना दिसते. तबकडी त्या मुलींनी स्वतःच्या आनंदासाठी लावलेली आहे. ते गाणे सेत्सुकोसाठी मुळी नाहीच. जग आपल्या घरी परतले आहे आणि एक मूल परतलेले नाही, एवढेच त्यातून कळते. या प्रसंगी मिचिओ मामिया या संगीतकाराचे तंतुवाद्य शोकाकुल होऊन वाजले असते तर तो प्रसंग निम्म्याने हलका झाला असता.

आपल्याकडे या दिशेने किती काम झाले? आमच्या पिढीने दूरदर्शनवर पुनःपुन्हा पाहिलेला 'एक, अनेक और एकता' हा 1974 सालचा बोधपट विजया मुळे यांनी दिग्दर्शित केला आणि त्याला संगीत पुन्हा वसंत देसाई यांचेच होते. पण पारध्याच्या जाळ्यात सापडलेली पाखरे तेथे घाबरतात, शोक करीत नाहीत. जाळे घेऊन लगोलग उडून जातात. बोधकथेला शोकासाठी थांबायला सवड नसते. गीतांजली राव यांच्या 2006 सालच्या 'प्रिंटेड रेनबो' या लघुपटात मात्र ती सवड आहे. मुंबईतील खोलीत मांजराबरोबर राहणारी एकटी वृद्धा आणि तिच्या आगपेट्यांवरची रंगीत चित्रे, एवढाच त्याचा प्रपंच, आणि त्यातही संवाद नाहीत.

मोठा प्रयत्न म्हणजे युगो साको आणि आपले राम मोहन यांच्या सहकार्याने 1992 साली पुरा झालेला 'रामायण' हा भारत-जपान ॲनिमेशनपट. त्याचे संगीतकार वनराज भाटिया लंडन आणि पॅरिस येथे पाश्चात्त्य संगीत शिकून आलेले, आणि त्यातील संस्कृत गीते 'घाशीराम कोतवाल' हिंदीत नेणाऱ्या वसंत देव यांची. 2025 साली तो नव्या संस्कारासह देशभर पुन्हा दाखविण्यात आला. रामकथेच्या संगीतकाराला एक मोठी सवलत मिळते. 'अप' ला सुखाची धून आधी पेरावी लागली, मग ती हरवून दाखवावी लागली. अयोध्या सोडणाऱ्या रामाच्या दृश्याला ही पेरणी करावी लागत नाही. ती हजारो वर्षे होऊन गेली आहे. मराठी माणसाच्या कानात तर 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याआठवड्याने ऐकविलेली गदिमा-फडके यांची 56 गीते पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहेत. अशा प्रेक्षकासमोर दोन स्वरही पुरतात. दुर्दैवाने मुलांसाठी निघणाऱ्या हल्लीच्या अनेक मालिकांना दोन स्वर पुरत नाहीत. पात्राच्या डोळ्यांत पाणी दिसले न दिसले तोच बासरी, तिच्यामागे व्हायोलिनांचा ताफा, आणि एवढ्याने भागले नाही तर कोण्या गायिकेचा आकार. आधी काही पेरलेले नसल्यामुळे हा सारा जोर मूल्य नसलेल्या हुंडीसारखा होतो.

आणि या जोराचा आणखी एक वाईट परिणाम आम्ही भोपाळकर दरवर्षी अनुभवतो. 1984 च्या डिसेंबरातील त्या रात्रीची छायाचित्रे 3 डिसेंबरच्या सुमारास दूरचित्रवाणीवर दाखविली जातात, आणि त्यांच्याखाली बहुधा कोठून तरी उचललेली एखादी करुण सुरावट घातलेली असते. रघु राय यांनी टिपलेले, दफन होत असलेल्या अनाम बालकाचे छायाचित्र ज्याने पाहिले आहे त्याला ती सुरावट सहन होत नाही. रेखाटलेल्या हरिणीला श्वास नव्हता म्हणून संगीताने तो उसना दिला. त्या बालकाला श्वास होता. तिथे संगीताने काय द्यावयाचे राहिले आहे?

लहान मुलांना असे प्रसंग दाखवावेत की नाही, हा वाद शिक्षकांत आणि पालकांत नेहमी निघतो. धाकट्या वर्गांना 'अप' दाखवावयाचा होता तेव्हा, पहिली दहा मिनिटे गाळावीत, पुढे फुग्यांचे घर आहे, कुत्रा आहे, पक्षी आहे, मुले रमतील, अशी सूचना आमच्या एका सहकाऱ्यांनी सद्‌भावनेने केली. आम्ही ती मानली नाही. कारण चित्रपटाच्या उत्तरार्धात म्हातारा कार्ल एलीची वही पुन्हा उघडतो. कोरी राहिली असे त्याला वाटत आलेली पाने तिने दोघांच्या संसाराच्या छायाचित्रांनी भरून ठेवलेली असतात, आणि तेव्हा तीच धून पियानोवर सावकाश परत येते. पहिली दहा मिनिटे गाळली असती, तर त्या ठिकाणी आमच्या मुलांना एक बरीशी पियानोची धून तेवढी ऐकू आली असती.